नमस्कार, मी रेचल बोलतेय

२०१९ साली इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागले, आणि तिथे माझ्या हातून प्रॉडक्शनला गेलेली पहिली गोष्ट म्हणजे एक चेकबॉक्स. कंपनी लहान, बाणेरच्या एका इमारतीत पंधरा-सोळा माणसं. अमेरिकेतल्या कॉल सेंटरांना लागणारं डायलर सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. डायलरमध्ये फोन नंबरांची भलीमोठी यादी ओतायची. तो एका वेळी शेकडो नंबर फिरवतो, कुणी उचलला की कॉल मोकळ्या एजंटाकडे देतो किंवा रेकॉर्ड केलेली फाइल वाजवतो, आणि पुढच्या नंबराकडे वळतो.

समोरच्याच्या फोनवर कोणता नंबर दिसावा हे ठरवायची त्यात एक स्क्रीन होती. न्यू जर्सीतल्या माणसाला न्यू जर्सीचाच नंबर दिसला तर तो फोन उचलण्याची शक्यता वाढते, म्हणून ज्याला फोन जातोय त्याच्याच एरिया कोडचा नंबर दाखवायची सोय. धंद्यात तिला 'लोकल प्रेझेन्स' म्हणतात. दाखवायचा नंबर ग्राहकाने खरोखर भाड्याने घेतलेला आहे ना, हे आमचं सॉफ्टवेअर तपासायचं. एका ग्राहकाला ही तपासणी नकोशी झाली होती. तिकीट आलं: तपासणी ऐच्छिक करा. मी अर्ध्या दिवसात चेकबॉक्स बसवला, टेस्ट लिहिल्या, लीडने कोडवर नजर टाकून अंगठा दिला. संध्याकाळी मी सगळ्यांसाठी वडापाव मागवले.

यात बेकायदेशीर काही नव्हतं, हे आधीच सांगते. अमेरिकेच्या कायद्यात दुसराच नंबर दाखवणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. फसवण्याच्या, नुकसान करण्याच्या किंवा लबाडीने काही लाटण्याच्या हेतूने तसं केलं तर ठरतो. डॉक्टर घरून स्वतःच्या मोबाइलवरून पेशंटला फोन करतो आणि दवाखान्याचा नंबर दाखवतो, तेही हेच. प्रश्न हेतूचा आहे, आणि हेतू चेकबॉक्सला विचारता येत नाही.

दोन वर्षांनी ती नोकरी सुटली. मग एका रात्री अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा, म्हणजे एफसीसीचा, एक दंडाचा आदेश कुठूनतरी समोर आला म्हणून वाचत बसले. त्यात ज्या माणसाला दंड झाला होता त्याच्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता. पण तो काय करायचा याचं वर्णन वाचताना मला माझी स्क्रीन डोळ्यासमोर दिसायला लागली. तिथून मी मागे मागे वाचत गेले ते थेट १९९१पर्यंत.

* * *

ऐंशीच्या दशकात आपोआप नंबर फिरवून टेप ऐकवणारी यंत्रं अमेरिकेत स्वस्त झाली. १९९१च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच काँग्रेसने नोंदवून ठेवलंय की तीन लाखांहून अधिक विक्रेते रोज १ कोटी ८० लाखांहून अधिक अमेरिकनांना फोन करतात. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज या कायद्याचे कर्ते. त्यांनी या यांत्रिक फोनांना आधुनिक संस्कृतीवरची पीडाच म्हटलं: सकाळी झोपेतून उठवतात, रात्री जेवू देत नाहीत, आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना अंथरुणातून बाहेर काढतात. २० डिसेंबर १९९१ रोजी थोरल्या बुशसाहेबांची सही झाली आणि टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन ॲक्ट अस्तित्वात आला.

मला हा कायदा मनापासून आवडतो, कारण तो सामान्य माणसाच्या हातात काठी देतो. परवानगीविना आलेल्या प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेला असेल तर कोर्ट त्याच्या तिपटीपर्यंत देऊ शकतं. हॉलिंग्ज यांची कल्पना अशी की नागरिकाने वकीलही न करता छोट्या दाव्यांच्या कोर्टात जावं आणि हे पैसे वसूल करावेत. त्यामागे एक गृहीतक होतं, आणि तेव्हा ते बरोबर होतं. फोन करणारा कुठेतरी बसलेला आहे, त्याला नाव आहे, पत्ता आहे, समन्स घेऊन बेलीफ त्याच्या दारात जाऊ शकतो. लांबचा फोन महाग होता. कोणत्या लाइनवरून फोन आला हे टेलिफोन कंपनीचं एक्स्चेंज सांगायचं. ग्राहकाच्या शब्दाला तिथे फारशी किंमत नव्हती.

पुढची बारा वर्षं मी भरभर ओलांडते. २००३ साली फेडरल ट्रेड कमिशनने, एफटीसीने, 'डू नॉट कॉल' यादी उघडली. २७ जूनला नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या काही दिवसांतच एक कोटी नंबर आले. मायामी हेरल्डचा विनोदी स्तंभलेखक डेव्ह बॅरी याने टेलिमार्केटिंगवाल्यांच्या संघटनेचाच फोन नंबर स्तंभात छापला आणि वाचकांना म्हणाला, करा की यांना फोन. वाचकांनी केले. इतके केले की संघटनेने फोन उचलणंच बंद केलं आणि वर त्रास होतोय म्हणून तक्रारही केली. २३ सप्टेंबरला ओक्लाहोमाच्या एका न्यायाधीशांनी निकाल दिला की एफटीसीला अशी यादी करायचा अधिकारच नाही. एव्हाना यादीत पाच कोटी नंबर होते. पाच कोटी नंबर म्हणजे पाच कोटी मतदार, हे गणित कळायला काँग्रेसला दोन दिवस पुरले: २५ तारखेला प्रतिनिधिगृहात ४१२ विरुद्ध ८, सिनेटमध्ये ९५ विरुद्ध शून्य. २९ला धाकट्या बुशसाहेबांची सही. अमेरिकन काँग्रेसला हवं असेल तर किती वेगाने काम करता येतं याचं हे उदाहरण मी जपून ठेवलंय. (राजकीय प्रचाराचे फोन या यादीच्या कक्षेबाहेर ठेवले गेले, हेही त्याच काँग्रेसचं.)

यादी चालली. जे कायदा पाळतात त्यांचे फोन थांबले. मोठ्या कंपन्यांनी यादीनुसार आपापले नंबर गाळले आणि जेवणाच्या वेळी घरं शांत झाली. १ सप्टेंबर २००९पासून तर एफटीसीने लेखी परवानगीशिवाय विक्रीचा रेकॉर्डेड फोन करणंच बंद केलं, मग नंबर यादीत असो वा नसो. नियम म्हणून याहून कडक काही मागता आलं नसतं. आणि नेमका त्याच सुमारास फोनांचा पूर आला.

* * *

इथे इंजिनिअर म्हणून मला जरा रेंगाळू द्या, कारण कायद्याच्या इतिहासात हा भाग एका ओळीत उरकतात.

जुन्या टेलिफोनच्या जाळ्यात मोजक्या कंपन्या होत्या आणि त्या एकमेकींवर विश्वास ठेवायच्या. एका कंपनीच्या एक्स्चेंजकडून कॉल आला की सोबत 'फोन करणाऱ्याचा नंबर' नावाचा एक रकाना यायचा, आणि दुसरी कंपनी तो जसाच्या तसा पुढे द्यायची. रकाना खरा आहे का, हे कुणी तपासत नव्हतं, कारण खोटं लिहिणार कोण? लिहिणाऱ्याला आधी स्वतःचं एक्स्चेंज उभारावं लागलं असतं. मग नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, आवाज इंटरनेटवरून जाऊ लागला आणि एक्स्चेंज हे एक सॉफ्टवेअर झालं. १९९९ साली मार्क स्पेन्सरने 'ॲस्टरिस्क' नावाचं ओपन सोर्स एक्स्चेंज लिहिलं. ते फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं, आणि चांगलं आहे. मी त्यावरच शिकले. त्यात समोरच्याला दिसणारा नंबर ठरवायला एक ओळ लागते. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे जो लिहाल तो नंबर.

त्यात भर दराची. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलचा घाऊक भाव मिनिटाला एका सेंटच्याही खाली उतरला, आणि न उचललेल्या फोनचे पैसे सहसा पडतच नाहीत. हजारात एक माणूस फसला तरी धंदा फायद्यात. १९९१च्या कायद्याने ज्या माणसाच्या दारात बेलीफ पाठवायचा होता त्याला आता दार राहिलं नव्हतं.

त्या काळातला सगळ्यात प्रसिद्ध आवाज रेचलचा. 'कार्डहोल्डर सर्व्हिसेस'मधून बोलणारी ही रेचल अमेरिकेतल्या बहुतेक घरांना ठाऊक होती. तुमच्या क्रेडिट कार्डाचं व्याज कमी करून देते, एक दाबा. एक दाबलं की हाडामांसाचा माणूस यायचा, आगाऊ फी म्हणून शेकडो डॉलर घ्यायचा, आणि व्याज होतं तिथेच राहायचं. एफटीसीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन लीबोविट्झ यांनी तिला आपल्या संस्थेची जनशत्रू क्रमांक एक म्हटलं होतं. १ नोव्हेंबर २०१२ रोजी एफटीसीने एकाच वेळी पाच कंपन्यांवर खटले भरल्याचं जाहीर केलं. या पाचही वेगवेगळ्या होत्या. रेचल कुणी एक बाई नव्हती, एक कंपनीही नव्हती. ती एक पाठ झालेली संहिता होती, जी कुणीही उचलून वाजवायचा. पाच बंद पडल्या आणि रेचल बोलतच राहिली.

त्याच सुमारास एफटीसीने सरकारी खात्याकडून अपेक्षित नसलेली गोष्ट केली. रोबोकॉल अडवायची युक्ती सुचवा आणि ५०,००० डॉलर मिळवा, अशी जाहीर स्पर्धा लावली. जवळपास ८०० प्रवेशिका आल्या. २ एप्रिल २०१३ला निकाल लागला आणि बक्षीस दोघांत वाटलं गेलं. त्यातला एक ॲरन फॉस, न्यूयॉर्ककडचा स्वतंत्रपणे काम करणारा सॉफ्टवेअर डेव्हलपर. त्याची 'नोमोरोबो' ही युक्ती सुंदर आहे. घरचा फोन वाजताना एकाच वेळी त्याच्या सर्व्हरवरही वाजतो. सर्व्हर नंबर ओळखतो, रोबो वाटला तर माणसाच्या आधी तोच उचलून कापतो. नवं यंत्र नको. मला अशा उत्तरांचं प्रेम आहे. पण या उत्तराची तब्येतही त्याच एका रकान्यावर अवलंबून होती. नंबर काळ्या यादीत टाकायचा, तर तो नंबर उद्याही तोच राहायला हवा.

* * *

आता तो दंडाचा आदेश.

स्पोक नावाची एक कंपनी आहे, ती दवाखान्यांसाठी पेजरचं जाळं चालवते. अमेरिकेत डॉक्टर-नर्सांकडे अजून पेजर असतात. २०१६मध्ये या जाळ्यावर अचानक भार यायला लागला, सेवा विस्कळीत व्हायला लागली. पेजरलाही फोन नंबर असतो, आणि आंधळेपणाने नंबर फिरवणाऱ्या यंत्राला तो पेजर आहे की कुणाचा मोबाइल हे कळत नाही. म्हणजे सुट्टीचं पॅकेज विकणारी टेप अतिदक्षता विभागाच्या पेजरांवर येऊन आदळत होती. स्पोकने शोध घेऊन माहिती एफसीसीला दिली. दुसऱ्या बाजूने ट्रिपॲडव्हायझरकडेही तक्रारी येत होत्या की तुमचं नाव सांगून आम्हाला फोन येतात. फोनमध्ये मॅरियट, हिल्टन, एक्सपीडिया अशीही नावं घेतली जायची. एक दाबलं की कॉल जायचा मेक्सिकोतल्या टाइमशेअर विकणाऱ्या कॉल सेंटरांकडे, ज्यांचा या नावांशी काही संबंध नव्हता.

माग फ्लोरिडातल्या एका माणसापाशी पोचला: एड्रियन अब्रामोविच. २०१६च्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या यंत्रणेने ९ कोटी ६० लाखांहून अधिक फोन केले होते, आणि प्रत्येकात ज्याला फोन जातोय त्याच्याच एरिया कोडचा, त्याच्या नंबराशी मिळताजुळता नंबर दाखवला होता. एफसीसीच्या भाषेत 'नेबर स्पूफिंग'. आम्ही 'लोकल प्रेझेन्स' म्हणायचो. फरक इतकाच की आमच्याकडे नंबर भाड्याने घेतलेला असायचा, निदान चेकबॉक्सला टिक नसेल तोवर.

दंडाचं गणित कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. साडेनऊ कोटी फोनांपैकी एफसीसीच्या लोकांनी ८०,००० फोन एकेक करून तपासले आणि त्यात दाखवलेला नंबर खोटा असल्याची खात्री केली. प्रत्येकी १,००० डॉलर म्हणजे ८ कोटी, वर गुन्ह्याच्या गांभीर्यापोटी निम्मे, एकूण १२ कोटी डॉलर. मे २०१८मध्ये आदेश निघाला, तोवरचा एफसीसीचा सगळ्यात मोठा दंड. त्याआधी एप्रिलमध्ये सिनेटच्या समितीने अब्रामोविचला समन्स काढून बोलावलं होतं. आपण काही रोबोकॉलांचा बादशहा नाही, असं तो म्हणाला. ओपन सोर्स सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, हवं तसं बदलता येतं, एका क्लिकवर कुणीही हे करू शकतं. स्वतःच्या बचावासाठी बोलत होता हे उघड आहे. पण तो नेमकं बोलत होता, आणि ते वाचताना मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं.

वसुलीचं काय? मार्च २०१९मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने हिशोब काढला. २०१५पासून एफसीसीने रोबोकॉलसंबंधी २० कोटी ८४ लाख डॉलरचे दंड ठोठावले होते आणि त्यातले जमा झाले होते ६,७९०. लाख नव्हे, कोटी नव्हे. सहा हजार सातशे नव्वद डॉलर. एफसीसी दंड ठोठावू शकते, पण वसुलीसाठी कोर्टात जायचं ते न्याय खात्याने. आणि वसूल तरी कुणाकडून करायचं? कंपनी बंद झालेली, पैसे खर्चलेले.

आकडे मात्र वाढतच गेले. २०२१च्या मार्चमध्ये टेक्ससच्या दोघांना साडेबावीस कोटी डॉलर, आरोग्य विम्याच्या खोट्या जाहिरातींच्या सुमारे शंभर कोटी फोनांबद्दल. त्यांच्यापैकी एकाने कबूल केलं की आम्ही 'डू नॉट कॉल' यादीतल्या नंबरांना मुद्दाम फोन करायचो, कारण तिथे जास्त फायदा होतो. यात एक भयंकर तर्क आहे. कायदा पाळणारे सगळे त्या नंबरांपासून दूर झालेले, म्हणून तिथे स्पर्धाच नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये गाडीच्या वॉरंटीवाल्या टोळीला जवळपास ३० कोटी डॉलर. त्यांनी २०२१च्या तीन महिन्यांत ५०० कोटींहून अधिक फोन केले होते.

एक निकाल मात्र मी कुणालाही ऐकवते, विशेषतः ज्यांना कंस लावायचा कंटाळा येतो त्यांना. १९९१च्या कायद्यात 'ऑटोडायलर'ची व्याख्या आहे: फोन नंबर साठवण्याची किंवा तयार करण्याची, यदृच्छ किंवा क्रमवार नंबर बनवणारा जनरेटर वापरून, क्षमता असलेलं यंत्र. आता सांगा, जनरेटरची अट 'तयार करण्या'लाच लागू की 'साठवण्या'लाही? अटीच्या आधी फक्त एक स्वल्पविराम आहे. पहिला अर्थ घेतला तर यादीतून फोन लावणारं प्रत्येक यंत्र ऑटोडायलर, तुमच्या खिशातला फोनसुद्धा. दुसरा घेतला तर आजचं जवळपास एकही यंत्र ऑटोडायलर नाही, कारण आता कुणी अंदाधुंद नंबर बनवत नाही, सगळे याद्या विकत घेतात. ज्याचं फेसबुक खातंच नाही अशा एका माणसाला फेसबुकचे सुरक्षा-संदेश येत राहिले म्हणून उद्भवलेला हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. १ एप्रिल २०२१ रोजी न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी कोर्टाच्या वतीने दुसरा अर्थ लावला. अट दोन्हींना लागू. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ऑपरेटर प्रिसिडन्सचा विचार न करता एक वाक्य लिहिलं आणि अर्धा कायदा त्या स्वल्पविरामावरून घसरला. रेकॉर्ड केलेल्या आवाजावरची बंदी वेगळ्या शब्दांत होती म्हणून वाचली.

* * *

खरा बदल दुसरीकडून आला, आणि तिथे आपला, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याचा, संबंध येतो.

ऑक्टोबर २०१६मध्ये मी सेकंड इयरला होते. मीरा रोडला कॉल सेंटरवर पोलिसांची धाड पडली, सातशेहून अधिक पोरं ताब्यात घेतली, सत्तर जणांना अटक झाली. अमेरिकन इन्कम टॅक्स खात्याचे अधिकारी असल्याचं भासवून ती अमेरिकनांना धमकवायची, आता पैसे भरा नाहीतर पोलीस दारात येतील म्हणून. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये त्या बातमीवर लोक हसले होते. काय डोकं लावलंय म्हणाले. मीही हसले असेन. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेच्या न्याय खात्याने ५६ माणसांवर आणि भारतातल्या पाच कॉल सेंटरांवर आरोपपत्र जाहीर केलं, बहुतांश अहमदाबादच्या जाळ्यातलं. पुढे तिथल्या हस्तकांना वीस-वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या.

पण मीरा रोडचा कॉल ओहायोतल्या म्हातारीच्या फोनपर्यंत पोचतो कसा? हवेतून नाही. तो कुणीतरी उचलून नेतो. इथून एक घाऊक कंपनी घेते, ती दुसरीला विकते, दुसरी तिसरीला, आणि अमेरिकेच्या हद्दीत शिरताना एक छोटी कंपनी त्याला आत घेते. तिथून तो मोठ्या कंपनीकडे जातो आणि मग फोन वाजतो. या प्रत्येक टप्प्यावर अर्धा-पाव सेंट मिळवणारं कुणीतरी बसलेलं असतं, आणि तीस वर्षं कायद्याने त्यांच्याकडे फारसं पाहिलंच नव्हतं. ते तर फक्त नळ. पाण्यात काय आहे याला नळ काय करणार?

२८ जानेवारी २०२० रोजी न्याय खात्याने पहिल्यांदा नळावर हात ठेवला. अशा घाऊक कंपन्यांवर दोन दिवाणी दावे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दाखल झाले. त्यातली एक कंपनी ॲरिझोनात एक नवरा-बायको चालवत होते. तिच्यामार्फत नमुन्याच्या २३ दिवसांत ७२ कोटी कॉल गेले होते, त्यातले साडेबेचाळीस कोटींहून अधिक एका सेकंदाहूनही कमी वेळ चालले. मी कॉल रेकॉर्ड पाहिलेत, म्हणून सांगते: असा आलेख पाहून तो माणसांच्या बोलण्याचा आहे असं कुणालाही वाटणार नाही. माणसं एका सेकंदात 'हॅलो'सुद्धा पुरतं म्हणत नाहीत. कंपनीला फसवणुकीच्या कॉलांबद्दल वारंवार सूचना मिळाल्या होत्या, असा सरकारचा आरोप होता. त्या वसंतात कोर्टाने त्यांना कॉल वाहून नेण्यास मनाई केली.

याच सुमारास माग काढायची रीतही पक्की झाली. ३० डिसेंबर २०१९ला ट्रेस्ड ॲक्टवर सही झाली, आणि त्याखाली 'इंडस्ट्री ट्रेसबॅक ग्रुप' या टेलिफोन कंपन्यांच्या गटाला अधिकृत दर्जा मिळाला. त्यांचं काम ऐकायला साधं आहे. ज्याला फोन आला त्याच्या कंपनीला विचारायचं, हा कॉल तुला कुणी दिला? तिने नाव सांगितलं की त्याला विचारायचं, तुला कुणी दिला? असं उलटं चालत जायचं, जिथे उत्तर थांबेल तिथपर्यंत. रकान्यातला नंबर खोटा असू शकतो, पण कुणाच्या बिलावर हा कॉल आला ते सहसा खोटं नसतं. इतकी वर्षं सगळे तो रकाना बघत बसले, खरी ओळख हिशोबाच्या वहीत होती.

दुसरी गोष्ट त्या रकान्याचीच. याच कायद्याने ३० जून २०२१पर्यंत मोठ्या कंपन्यांना कॉलांवर डिजिटल सही करणं बंधनकारक केलं. या पद्धतीचं नाव 'स्टर-शेकन'. जेम्स बाँडच्या मार्टिनीवरून ओढूनताणून जुळवलेलं, इंजिनिअर लोकांना हे असले विनोद आवरत नाहीत. कॉल जिथून निघतो ती कंपनी सहीसोबत एक श्रेणी देते. 'ए' म्हणजे हा ग्राहक माझा आणि हा नंबर वापरायचा त्याला हक्क आहे. 'बी' म्हणजे ग्राहक ओळखीचा, नंबराचं माहीत नाही. 'सी' म्हणजे कॉल माझ्या दारातून आत आला एवढंच, पुढचं मला विचारू नका. थोडक्यात, मी जी तपासणी चेकबॉक्सने ऐच्छिक केली होती ती इथे कॉलच्या कपाळावर लिहायला लावली होती, आणि लिहिणाऱ्याच्या सहीसह.

सहीचा अर्थ काय हे २०२४मध्ये कळलं. न्यू हॅम्पशरमधल्या प्राथमिक निवडणुकीच्या दोन दिवस आधी मतदारांना बायडन यांच्या आवाजात फोन गेला की मत द्यायला जाऊ नका. आवाज एआयने बनवलेला, नंबर दुसऱ्याचाच. ८ फेब्रुवारीला एफसीसीने जाहीर केलं की एआयचा आवाज हा १९९१च्या कायद्यातला 'कृत्रिम आवाज'च आहे. हॉलिंग्ज यांच्या पिढीने टेपसाठी लिहिलेला शब्द तेहतीस वर्षांनी अचूक कामी आला. फोन करवून घेणाऱ्या राजकीय सल्लागाराला ६० लाख डॉलर दंड झाला. फौजदारी खटल्यातून मात्र २०२५मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरं प्रकरण. ज्या लिंगो टेलिकॉमने ते कॉल वाहून नेले तिने त्यांच्यावर 'ए' श्रेणीची सही केली होती. ग्राहकाचा शब्द पुरेसा मानला होता. १० लाख डॉलर भरून आणि इथून पुढे नीट तपासू असं लिहून देऊन तिने प्रकरण मिटवलं. तपासल्याशिवाय टिक केल्याबद्दल कुणीतरी पैसे भरतंय, हे मी तोवर वाचलं नव्हतं.

* * *

२०२२च्या पावसाळ्यात आजी साताऱ्याला दवाखान्यात होती. पहाटे साडेतीनला तिला नीट जाग आली आणि तिने आत्याचं नाव घेतलं. आत्या एडिसनला असते. तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. त्या मजल्यावर इंटरनेट लागत नव्हतं, व्हॉट्सॲप नुसतं गोल फिरत होतं. मी साधा आयएसडी कॉल लावला. रिंग गेली, कटला. पुन्हा लावला. चार वेळा.

आजी पाचच्या सुमाराला गेली. आत्याशी बोलणं झालं ते त्यानंतर, बाबांचा मेसेज पोचल्यावर.

परदेशातून स्वस्त मार्गाने जाणाऱ्या कॉलचा नंबर वाटेत कधी बदलतो, कधी पुसला जातो. आत्याच्या फोनवर +९१ दिसलंच नाही. दिसला तो अमेरिकेतला कुठलातरी अनोळखी नंबर, आणि त्याखाली 'स्कॅम लाइकली'. तिने मला नंतर त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, चार ओळी एकाखाली एक. वर्षानुवर्षं तिला सोशल सिक्युरिटी बंद झाल्याचे, गाडीची वॉरंटी संपल्याचे फोन आले होते. तिच्या ओळखीच्या एका बाईंनी घाबरून गिफ्ट कार्ड घेऊन दिली होती. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे तिला तिथल्या सगळ्यांनी शिकवलेलं.

गेल्या दिवाळीत ती आली होती. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "तू त्यातलीच ना गं? ते फोनवर लिहून येतं, ते कोण ठरवतं?" मी तिला सही, श्रेणी, वाटेतल्या कंपन्या असं जमेल तेवढं सांगितलं. आणि चेकबॉक्सचंही सांगितलं, का कोण जाणे. ती ताट पुसत ऐकत होती.

"मग तुझ्या त्या फोनला काय मिळालं असेल?"

"बहुतेक 'सी'," मी म्हणाले. "किंवा काहीच नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचं ताट घेतलं.